हवाबाईचा कालचा कागद

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा सुरू केलं आणि तीनदा पुसलं. यातली मुख्य गोष्ट माझ्या आत्याची चूक आहे, आणि सख्ख्या आत्याची चूक चारचौघांत मांडायला बोटं धजत नव्हती. शेवटी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "लिही, पण चूक गाळू नकोस. चूक गाळलीस तर उरतं काय, एक म्हातारी आणि एक वायरलेस." आणि फोन ठेवला. ती फोन नेहमी असाच ठेवते, वाक्य संपलं की. मग बसले आणि एका दमात लिहून काढलं. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर माझी आत्या. बंदरात तिला आत्या कोणी म्हणत नाही, तिथे ती हवाबाई. बंदराच्या ऑफिसच्या वर, बत्तीस लोखंडी पायऱ्या चढून गेलं की एक काचेची खोली आहे. खोलीत एक टेबल, टेबलावर वायरलेस सेट, त्याचा गुंडाळलेल्या वायरचा माइक, एक प्रिंटर आणि भिंतीवर एक लाकडी फळी. मागच्या दारातून गेलं की दुसरी खोली, तिच्यात एक खाट, एक शेगडी, एक मोरी. नोकरी पुढच्या खोलीत आणि संसार मागच्या. संसार म्हणजे तिचा एकटीचा. लग्न ठरता ठरता राहिलं, भाऊ, म्हणजे माझे बाबा, दूरच्या शहरात बायकामुलांत रमला, मागे काही वर्षांपूर्वी आईही गेली, आणि हवाबाई वर काचेत राहिली ती राहिलीच. ऑफिसात पाहुणा आला की लोक तिची ओळख करून देत, "या आमच्या हवाबाई. यांच्यावर हवेतच इमले बांधायची वेळ आलीय, खाली जागाच नाही." ती पण हसायची. सव्वीस वर्षं तोच विनोद, तिने तरी किती वेळा नाही हसायचं.

काम एकच. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला छोट्या बोटींसाठी किनाऱ्यालगतचं हवामान वाचायचं. प्रिंटरमधून कागद यायचा, त्यावर वारा कुठून, किती नॉट वेगाने, लाटा किती मीटर, दोन लाटांमध्ये किती सेकंद, लांबचं किती दिसेल, आणि इशारा असला तर इशारा. हवाबाई तो दोनदा वाचायची. सावकाश, आकडे सुटे सुटे करून, कारण बोटीवर इंजिनाचा आवाज असतो, पाणी असतं, माणूस एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने कान झाकून ऐकत असतो. आणि शेवटी एक ओळ स्वतःची जोडायची. ती कागदावर नसायची. काचेतून बघायचं आणि भरती-ओहोटीचं टिपण बघायचं आणि सांगायचं, "खाडीच्या तोंडाशी दहानंतर ओहोटी बाहेर येतेय आणि वारा समोरून आत जातोय, तिथे लाटा उभ्या राहतील, जपून." पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे निघाला की लाट आखूड होते, उभी होते, अंगावर येते. शहरात बसून कागद छापणाऱ्याला हे दिसत नाही. हवाबाईला दिसायचं.

वाचून झालं की फळीची वेळ. फळीवर एक्केचाळीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर एका बोटीचा पत्र्याचा बिल्ला. एकेक बोट वायरलेसवर आपलं नाव सांगायची आणि म्हणायची, "ऐकलं." हवाबाई त्या बोटीचा बिल्ला नावाकडून फिरवून ठेवायची. सुरुवातीच्या काळात एक्केचाळीस बिल्ले फिरवायला वीस मिनिटं लागायची. कारण कोणी नुसतं "ऐकलं" म्हणत नसे. "ऐकलं हवाबाई, पण तुमची लाट काल खोटी निघाली." "ऐकलं, बायकोला सांगा डबा विसरलो." "ऐकलं, आणि जरा हसून वाचत जा, वादळ तुमच्या घरचं आहे का?" ती दटावायची, म्हणायची, चॅनल मोकळा ठेवा. पण चॅनल मोकळा झाला की खोली किती मोकळी होते हे तिला तेव्हा कुठे माहीत होतं.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले. फोनवर वारा रंगीत दिसतो, लाट बाणाने दिसते, तासातासाचं दिसतं. एकेक बोट कमी होत गेली. भांडून कोणी गेलं नाही, कोणी सांगूनही गेलं नाही. एका सकाळी बावीस आले, एका सकाळी चौदा, मग सहा. मग फक्त एक.

आणि तो एकही बोलायचा नाही. तिचं वाचन संपलं की माइकचं बटण दोनदा दाबायचा. टक, टक. बस. वायरलेसवर असं चालतं, ऐकलं म्हणायचा कंटाळा असला की लोक बटण दोनदा दाबतात. पण हा नऊ वर्षं एकदाही बोलला नाही. एकदा सर्दीमुळे हवाबाई खाडीच्या तोंडाची ओळ विसरली, तेव्हा दोनदा नाही, तीनदा टक झाली. तिला कळेना. मग डोक्यात उजेड पडला, तिने ती ओळ वाचली, आणि लगेच दोनदा टक. म्हणजे गडी खाडीकडचा आहे एवढं तिला कळलं. तिने एक कोरा बिल्ला घेतला, त्यावर खडूने 'टकटक' लिहिलं आणि फळीच्या मधल्या खिळ्यावरचा जुना बिल्ला काढून तिथे टांगला. चाळीस बिल्ले भिंतीकडे पाठ करून बसलेले आणि एक रोज फिरणारा.

कोण असेल टकटक, याची तिने मनातल्या मनात मूर्ती घडवली होती. काटक, चाळिशीचा, अबोल, एकट्याने बोट हाकणारा. तिच्या वाक्यावर भरवसा ठेवून रोज खाडीच्या तोंडातून बाहेर पडणारा. माझ्या बाबांना तिने एकदा फोनवर सांगितलं की एक आहे अजून, माझ्या जिवावर समुद्रात जातो. बाबा म्हणाले, "ताई, नाव तरी विचार, नऊ वर्षांत लोकांची लग्नं होऊन मोडतात." तिने वाक्य संपवलं आणि फोन ठेवला.

मग या वर्षी साहेबांचं पत्र आलं. बंदराचे साहेब माणूस वाईट नाही, पत्र द्यायला स्वतः बत्तीस पायऱ्या चढून आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले. वरून विचारणा झालीय म्हणाले, की फोन असताना हे वाचन कशाला. ऐकणारा एक जरी बोटवाला असेल तर त्याचं नाव आणि बोटीचा नंबर महिनाअखेरपर्यंत लिहून द्या, मी वाचन चालू ठेवतो. नसेल तर बंद. खोलीत राहा तुम्ही, खोलीला कोणी हात लावत नाही.

"आहे की एक," हवाबाई म्हणाली.

"मग द्या नाव."

तिने फळीकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. 'टकटक' वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खाली गेले.

चार दिवस तिने विचार केला. कामाव्यतिरिक्त एक शब्द चॅनलवर बोलायचा नाही हा नियम तिने इतरांना सव्वीस वर्षं शिकवलेला. तो आता स्वतःच मोडायचा होता. शेवटी पाचव्या सकाळी तिने एका चिठ्ठीवर वाक्य लिहिलं, कारण आयत्या वेळी जीभ अडखळली असती. 'टकटक, हे वाचन चालू ठेवायला तुमचं नाव आणि बोटीचा नंबर लागतोय, कृपया सांगा.' कृपया दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं. चिठ्ठी कागदांना जोडायला चिमटा उघडला, कागद सारखे केले, चिमटा लावला.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. तिच्या चिमट्यात नेहमी दोन कागद असतात. वर आजचा, खाली कालचा. कालचा का, तर काल सांगितलं काय आणि झालं काय हे ती रोज संध्याकाळी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिते. कोणी सांगितलेलं नाही, तिची सवय. चिठ्ठी लावताना कालचा वर आला आणि आजचा खाली गेला. तारीख ती कधी वाचतच नसे, तारीख काय, तिला ठाऊकच असायची.

सहा वाजता तिने वाचलं. वारा वायव्येकडून, आठ ते दहा नॉट. लाटा पाऊण मीटर. इशारा नाही. बाहेर समुद्र खरंच ताटात ओतल्यासारखा सपाट होता, शंका यायला काही कारणच नाही. दोनदा वाचलं, खाडीची ओळ जोडली, आणि मग घसा खाकरून चिठ्ठी वाचली. नाव विचारलं.

टक झाली नाही.

ती माइक धरून बसली. एक मिनिट, चार मिनिटं. सेटमधून नुसती घरघर येत होती, मध्येच थांबायची, पुन्हा यायची. दूरवर कुठे वीज चमकत असली की सेट असा घरघरतो, तिने वहीत तसं लिहूनही टाकलं. आणि तिची कानशिलं तापली. आपण विचारायलाच नको होतं. नऊ वर्षं माणूस अबोल राहिलाय तर त्याला राहू द्यायचं होतं. आपल्याला नाव हवं होतं ते खरंच साहेबांसाठी का, की आपल्यालाच त्याचा आवाज ऐकायचा होता? चाळीस गेले, एक्केचाळिसावा आपण स्वतः घालवला. ती मागे जाऊन चहा करून आली, चहा प्यायली नाही, खिडकीशी उभी राहिली. पाऊण तास असा गेला, लाजेत.

मग तिने चिमटा उचलला, चिठ्ठी फाडून टाकायला. चिठ्ठी काढली आणि कागद उलटला, तर पाठीवर तिच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. 'सांगितलं तसंच झालं. वारा थोडा कमीच.'

आपण कालचा कागद वाचला. खालचा, आजचा, तिने ओढून काढला. नैऋत्येकडून वारा, नऊनंतर पंचवीस ते तीस नॉट. लाटा अडीच मीटर. दोन लाटांमध्ये पाच सेकंद. छोट्या बोटींनी बंदर सोडू नये. सोडू नये या शब्दांखाली रेघ.

पावणेसात. तिने माइक उचलला आणि चूक झाली असं स्पष्ट सांगून आजचं वाचलं. दोनदा, तीनदा, पाचदा. उत्तर नाही, तीच घरघर. खाली धक्क्यावर तर सगळ्या बोटी बांधलेल्या, सगळ्यांनी फोन बघितलेला, कोणी हललंही नव्हतं. तिचं चुकीचं वाचन ऐकणारा जगात एकच माणूस होता आणि तो उत्तर देत नव्हता. म्हणजे तो निघाला. टक न करताच, नाव विचारल्याच्या रागात असेल किंवा घाईत असेल, पण पाऊण मीटरच्या भरवशावर निघाला.

तिने गस्तीच्या बोटीला फोन लावला. गस्तवाल्याने विचारलं, बोटीचं नाव? माहीत नाही. नंबर? नाही. रंग, लांबी, माणसं किती? नाही, नाही, नाही. मग माहीत काय आहे बाई?

"दोनदा टक करतो," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, खाडीच्या तोंडापर्यंत एक चक्कर मारतो, त्यापुढे या हवेत मला माझीच माणसं न्यायची नाहीत. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

आठला ती बत्तीस पायऱ्या उतरली. खाली डिझेल पंपवाला होता, त्याला तिने वर बसवलं, कागद हातात दिला आणि सांगितलं दर पंधरा मिनिटांनी वाच. तो बिचारा वाचायला लागला, पण त्याला माइकची सवय भोंग्यावर सेल सांगण्याची. लाटा अडीच मीटर त्याने असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन घेतल्या तर तिसरी फुकट. एरवी ती हसली असती.

खाडीकडे जाणारी बस चाळीस मिनिटं घेते. सव्वीस वर्षांत ती या बसमध्ये किती वेळा बसली, तर दोनदा, दोन्ही वेळा कोणाच्या तरी मयताला. रस्ता समुद्राला लागूनच. तिने खिडकीतून पाण्यावरची नजर काढली नाही. आधी पाण्याचा रंग काळसर झाला. मग लांबवर पांढरे ठिपके उठले, चार, दहा, मग मोजता येईनात. मग बसच्या खिडक्या खडखडायला लागल्या आणि कंडक्टर म्हणाला काच ओढा. नऊला पाच मिनिटं कमी होती. कागद खरा निघाला होता, आजचा. इतका खरा अंदाज तिने आयुष्यात पहिल्यांदा शिव्या देत बघितला.

खाडीच्या काठावर बोटी एकीला एक बांधून ठेवलेल्या. एक बाई आडोशाला बसून जाळं विणत होती. हवाबाईने विचारलं, आज कोणी बाहेर गेलंय का? बाईने तिला खालून वर बघितलं. आज कोण मरायला जाईल, फोनवर लालेलाल दिसतंय सगळं. पण कोणी वायरलेसवर ऐकून जाणारा असेल तर? बाईचा हात थांबला. वायरलेस तर फक्त सुकाणूबाबांच्या घरी आहे, ते काय, छपरावर काठी दिसतेय ते घर. "पण ते कुठे जाणार आता," बाई म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

घराचं दार अर्धवट उघडं होतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून आतून दोरीने बांधलेलं. हवाबाईने कडी वाजवली. एक चाळिशीची बाई ओल्या हातांनी आली, घरची सून. हवाबाई म्हणाली, नमस्कार, मी बंदरातून आलेय, जरा चौकशी करायची होती.

सून ओले हात पुसता पुसता थांबली. तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही, जणू चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, नुसता आवाज ऐकला.

"हवाबाई?" ती म्हणाली. "तुम्ही आज कालचं वाचलंत हो."

हवाबाई उंबऱ्यावरच बसली. सुनेने पाणी आणलं आणि ती पाणी पीत असताना सगळं सांगून टाकलं, कारण अशा घरात सांगायला कोणी मिळत नाही. सासरे पूर्वी खाडीच्या तोंडातून सगळ्यांच्या बोटी काढून द्यायचे, म्हणून सुकाणूबाबा. नऊ वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचा गेली. बोटीवरचा सेट माझ्या नवऱ्याने काढून घरी आणला, खिडकीशी लावला. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा घरी. घरात ही, सासरे आणि सेट. आज सकाळी तुम्ही वाचायला लागलात आणि बाबांनी मान हलवायला सुरुवात केली. मग माइकचं बटण दाबून धरलं ते सोडायलाच तयार नाहीत. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, नुसता घशातून आवाज. मी बोट सोडवायला गेले तर मला चापट मारली. बॅटरी उतरली तेव्हा कुठे थांबले.

म्हणजे ती घरघर. बटण दाबून धरलं की त्या सेटवर ऐकू येत नाही, हे हवाबाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायची. म्हणून तिने पाच वेळा सुधारून वाचलेलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती त्यांना सांगत होती आणि ते तिला सांगत होते, एकाच वेळी. आणि तिने वहीत लिहिलं होतं, वीज.

ती आत गेली. खिडकीशी खाट, खाटेवर एक हाडकुळा म्हातारा. तिने घडवलेल्या मूर्तीतलं काहीही तिथे नव्हतं, फक्त डोळे बाहेर पाण्याकडे. तिला बघून ते गोंधळले. मग ती म्हणाली, "वारा नैऋत्येकडून, पंचवीस ते तीस नॉट." त्यांचा डावा हात खाटेच्या लाकडावर आला. टक, टक.

हवाबाई रडत नाही. आमच्या घरात सगळे म्हणतात तिच्या डोळ्यांना पाणीच नाही. त्या दिवशी सुनेला टॉवेल द्यावा लागला.

उशाशी वह्यांची चळत होती. सून म्हणाली, बघा, डाव्या हाताने लिहितात, आमच्या डॉक्टरांना पण वाचता येत नाही. हवाबाईला वाचता आलं. तारीख, वारा, लाट, आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं ते, खिडकीतून बघून. तिच्या पेन्सिलीसारखंच. आणि शेवटी आणखी एक रकाना होता, छोटा. त्यात वारा नव्हता आणि लाटही नव्हती. त्यात लिहिलं होतं, 'बाई, सर्दी.' दुसऱ्या दिवशी, 'सर्दी कमी.' पुढे, 'घाईत.' 'आवाज आनंदात.' एका ठिकाणी तीन दिवस ओळीने, 'रडून वाचलं.' तिने तारीख बघितली. आई गेली ते दिवस. ऑफिसात कोणाला कळलंही नव्हतं, तिने रजा घेतली नव्हती.

नऊ वर्षं तिला वाटत होतं आपण एका माणसाची हवा सांभाळतोय.

आजच्या तारखेला नेहमीपेक्षा वाकडं अक्षर होतं. 'कालचा कागद. बाईंना काय झालं?'

बसची वेळ झाली तेव्हा सून तिला काठापर्यंत सोडायला आली. साहेबांच्या पत्राचं हवाबाईने तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, एवढंच ना, नाव लिहा, नंबर लिहा, बोट अजून आमच्या नावावर आहे, मागे वाळूत उलटी पडलीय. बाबा रोज समुद्रावर जातात असं लिहा, मी सही करते. कोण बघायला येणार आहे?

मोह झाला. खोटं नाही सांगत, आत्यानेच मला सांगितलं, बसमध्ये अर्ध्या रस्त्यापर्यंत तिने सही घ्यायचीच ठरवलं होतं. नाव होतं, नंबर होता, ऐकणारा तर शंभर टक्के होता. पण मग गस्तीची बोट दिसली, खाडीच्या तोंडाशी, सुनेच्या फोनवरून दिलेला निरोप मिळून त्या उभ्या लाटांत वर-खाली होत परत फिरताना. तिच्या एका चुकीच्या कागदापायी चार माणसं तिथे गेली होती. दिसतं तेच सांगायचं, या एका गोष्टीवर तिने सव्वीस वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना लिहून दिलं. कालचा कागद वाचला, चूक माझी. ऐकणारा एक आहे, नऊ वर्षं नेमाने ऐकतो, पण समुद्रावर जात नाही. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, चूक झाली ते लिहिलं नसतंत तरी चाललं असतं. ती म्हणाली, मला नसतं चाललं. मग ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, तुम्हाला कळतंय ना मला काय करावं लागणार.

महिनाअखेरीला वाचन बंद झालं. शेवटच्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं वाचलं, खाडीची ओळ जोडली आणि उद्यापासून वाचन नाही एवढंच म्हणाली. बराच वेळ काही आलं नाही. मग दोनदा टक. तिने बिल्ला फिरवला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला जाग होतीच. सेट तिथेच होता, जुना झाला म्हणून कोणी नेला नव्हता. वाचायला कागद नव्हता, प्रिंटर बंद. ती माइक हातात धरून बसली, आणि तोंडाने एक शब्द न काढता बटण दाबलं. दोनदा. आणि पलीकडून लगेच दोनदा. साहेबांना एकदा पायऱ्या चढताना ऐकू गेलं. ते दारात म्हणाले, याला परवाना लागतो की नाही ते मला बघावं लागेल, पण हल्ली मला कमी ऐकू येतं. आणि चहा न घेता गेले.

ती दर रविवारी बसने खाडीला जाते, घरून वह्या नेते, दोघं आकडे ताडून बघतात. कोणाची लाट खरी, कोणाची खोटी. ते हरले की लाकडावर एकदाच टक करतात, नाराजीने. ते एवढे दोन तास. बाकीचा आठवडा ती वर काचेत आणि ते खाली खिडकीशी, मध्ये चाळीस मिनिटांचा किनारा. तिने फोनवर मला सांगितलं की हल्ली त्यांची टक उशिरा येते. पूर्वी लगेच यायची. मग मिनिटाने यायला लागली. गेल्या मंगळवारी सात मिनिटांनी आली. ती मिनिटं पेन्सिलीने लिहून ठेवते, पण पुढे काय होणार ते लिहीत नाही.

"नऊ वर्षं गं," ती म्हणाली, "चाळीस मिनिटांवर." आणि फोन ठेवला.

मी तिला दोन वर्षांत भेटलेले नाही. उद्या सकाळच्या गाडीने जातेय, परीक्षा गेली खड्ड्यात, म्हणजे नाही गेली, पण पुढच्या आठवड्यात आहे आणि मी पुस्तक घेऊन जातेय. तुमचंही असेल कोणीतरी, ज्याचा फक्त आवाज तुम्हाला माहीत आहे, किंवा तेवढाही नाही, नुसता रोजचा एखादा मेसेज. पत्ता विचारा आणि जा. या रविवारीच जा.